निवृत्तांच्या वसाहतीतले घर: आधी तोडफोड की आधी मुक्काम?

उंबरठा

माझे वय ६६ आणि यजमानांचे ७१. ज्येष्ठांसाठीच्या एका वसाहतीत आम्ही नुकतेच तळमजल्यावरचे घर घेतले आहे. आधीच्या मालकीणबाई तिथे चौदा वर्षे राहिल्या होत्या. घर त्यांनी नीटनेटके ठेवले असले तरी तेही आमच्यासारखेच वयात आले आहे. न्हाणीघरातल्या टाइलांचे सांधे काळे पडले आहेत, झोपण्याच्या खोलीकडे जाणारा बोळ अंधारा आहे, आणि स्वयंपाकघरातली वरची कपाटे इतकी उंच आहेत की बसवणाऱ्याने स्वतःचीच उंची प्रमाण धरली असावी.

यजमानांचे म्हणणे असे की सामान हलवण्याआधी सगळी तोडफोड उरकावी, म्हणजे एकदाच काय तो धुरळा उडेल आणि नंतर सुखाने राहता येईल. मला वाटते की घर अंगवळणी पडल्याशिवाय त्यात काय बदलायचे हे कळणारच नाही. आज जे खटकते ते चार महिन्यांनी खटकणार नाही आणि जे आज दिसतच नाही तेच रोज छळेल. एका बाबतीत मात्र त्यांचा निर्णय आधीच झाला आहे: न्हाणीघरात आधाराच्या दांड्या लावायच्या नाहीत, कारण त्यांना घराचा दवाखाना करायचा नाही. ज्यांनी हे पाऊल आधी उचलले आहे त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहावे.

दुसरी_इनिंग

यजमानांना माझे अनुमोदन. आम्ही आधी राहायला गेलो आणि मग काम काढले. तीन आठवड्यांचे काम अकरा आठवडे चालले, आणि त्या काळात आम्ही दोघे एका खोलीत, खोक्यांच्या मधोमध, ओल्या चादरी दाराला लावून बसलो होतो. टाइल कापताना उडणारी बारीक धूळ साधी नसते, तिच्यात सिलिका असते आणि ती फुफ्फुसात खोल जाते. सौ.ना दमा आहे. शेवटच्या दोन आठवड्यांसाठी त्यांना बहिणीकडे पाठवावे लागले.

रिकामटेकडा

आमचा मिस्त्री "परवा येतो" म्हणून गेला तेव्हा मी नोकरीत होतो. आता मी निवृत्त झालो आहे आणि तो परवा अजून उजाडायचा आहे.

गवंडीकाम

उंबरठा ताई, तुमच्या प्रश्नाला "आधी" किंवा "नंतर" असे एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण घरातली कामे दोन जातींची असतात. फरशीखाली आणि भिंतीच्या आत जे आहे ते, म्हणजे नळ, सांडपाण्याचे पाइप, वायरिंग आणि जलरोधन, सामान येण्याआधीच करावे. तिथे यजमान बरोबर आहेत. भिंतीच्या बाहेर जे दिसते ते, म्हणजे कपाटे, रंग, दिवे, खुंट्या, फळ्या, राहून मग करावे. तिथे तुम्ही बरोबर आहात. चाळीस वर्षे बांधकामात घालवल्यावर मी स्वतःच्या घरात हाच क्रम पाळला.

न्हाणीघराबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक पैसा आणि पश्चात्ताप तिथेच जातो. सांधे काळे पडले म्हणून नुसती नवी पांढरी ग्राउट भरून घेऊ नका. आधीच्या जलरोधनाचे वय झाले असेल तर जुन्या टाइल काढून नवा थर द्यावा, तो भिंतीवर वळवून वर न्यावा, आणि टाइल बसवण्यापूर्वी नाहणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतून पाणी जायच्या जागेचे, तोंड बंद करून गळती आहे का ते कळावे म्हणून पाणी साठवून ठेवावे. किमान २४ तास, जमल्यास ४८ तास. या दिवसांत मिस्त्री फार घाई करतात. त्यांना घाई करू द्यावी, आपण करू नये. फरशीचा उतार ट्रॅपकडे मीटरला दीड-दोन सेंमी पुरतो. त्याहून जास्त उतार दिला तर पाणी लवकर जाते, पण उभ्या माणसाचा घोटाही वाकडा पडतो.

दाराची चौकट ९० सेंमीची घेतली की पाखा उघडल्यावर ८० सेंमीहून जास्त मोकळी जागा उरते, आणि त्यातून उद्या चाकाची खुर्ची जाऊ शकते. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि मदतीला आलेल्याला ते ढकलता येत नाही. मी हे दोनदा पाहिले आहे, दोन्ही वेळा दार बिजागऱ्यांवरून उतरवावे लागले.

आणि शेवटचे: भिंती उघड्या असतानाच, दांड्या आज नको असल्या तरी, त्यांची सोय करून ठेवा. भिंत पोकळ असेल तर आतून १८ मिमीचा जलरोधक प्लाय कमरेपासून खांद्यापर्यंत सलग मारून घ्यावा. मग टाइलने झाकण्याआधी मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, म्हणजे पाइप कुठे आहे आणि प्लाय कुठे आहे हे दहा वर्षांनीही कळेल. दांडी लावायची की नाही हा वाद त्यानंतर निवांत घालत बसावा.

उंबरठा

गवंडीकाम काका, मनापासून आभार. प्लायचा मुद्दा मी यजमानांना वाचून दाखवला. दांडी दिसणार नसेल तर त्यांची हरकत नाही, असे ते म्हणाले. हा तह समजावा की शरणागती, हे ठरायचे आहे.

पाऊलवाट

दांडीबद्दल स्वतःचा अनुभव लिहिते, तो गौरवाचा नाही. आम्हीही भिंतीला भोके पाडायची नाहीत म्हणून रबरी वाटीच्या जोरावर टाइलला चिकटणारी दांडी आणली. विकणाऱ्याने तिच्यावर लोंबकळून दाखवले होते. आमच्याकडे ती दोन महिने घट्ट बसली, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसला, आणि विश्वास बसल्यावर एके सकाळी ती दांडी हातात घेऊनच मी खाली बसले. मनगट मोडले. दांडी शाबूत होती. ती नसती तर मी कदाचित दाराची चौकट धरली असती, किंवा मुळात इतक्या बेफिकिरीने वळलेच नसते.

हलका_हात

पाऊलवाट ताईंनी लिहिले ते फार मोलाचे आहे. व्यवसायाने मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे आजारातून उठलेल्या किंवा वय झालेल्या माणसाला रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून त्याची सवय आणि त्याचे घर दोन्हींत बदल सुचवणे हे माझे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात दरवर्षी ६,८४,००० माणसे पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. रबरी वाटीची दांडी तोल सावरायला फार तर खूण म्हणून चालेल, भार घ्यायला नाही. अमेरिकेतल्या सुलभतेच्या मानकांप्रमाणे अशी दांडी सुमारे ११३ किलोचा भार सोसणारी असावी लागते, तिची उंची ८४ ते ९१ सेंमी असते आणि भिंतीपासून तिचे अंतर ३८ मिमी ठेवतात. हे अंतर एवढे नेमके का, असे लोक विचारतात. बोटे आत जावीत पण घसरताना कोपरापर्यंतचा हात आत जाऊन अडकू नये, म्हणून.

पण मानक हे कुणाच्याच अंगाचे नसते, ते सरासरीचे असते. मी पहिल्या भेटीत मोजपट्टी काढत नाही. घरातल्या माणसाला सांगते की नेहमीसारखे उठा, चाला, न्हाणीघरात जा, बसा, उठा, आणि मी फक्त हात पाहते. एका आजोबांकडे तर तेही करावे लागले नाही. कमोडच्या उजवीकडच्या टाइलवर, कमरेच्या जरा खाली, तळव्याएवढा एक मंद डाग होता. बाकीची टाइल चकचकीत, तेवढा भाग साबण आणि घामाच्या पातळ थराने धुरकट झालेला. आजोबा मला ठासून सांगत होते की मला आधार लागत नाही, आणि त्यांच्या मागे भिंत वेगळी साक्ष देत होती. मिस्त्रीने पेन्सिलीने त्या डागाभोवती गोल काढला आणि दांडी तिथेच बसली, मानकापेक्षा पाच सेंमी खाली.

म्हणून उंबरठा ताई, माझे मत तुमच्या बाजूने झुकते. भिंतीच्या आतली तयारी आधी करा, जागा मात्र हातांना ठरवू द्या.

चष्मेबद्दूर

दांड्यांच्या चर्चेत उजेड मागे पडू नये. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग जाड व पिवळसर होत जाते. त्यामुळे बोळ अंधारा वाटतो तो केवळ बोळाचा दोष नसतो. पण उपाय म्हणून छताला एकच झगझगीत दिवा लावला तर चकाकी वाढते आणि ती वयस्क डोळ्याला अंधाराइतकीच त्रास देते. एका मोठ्या दिव्याऐवजी झाकलेले चार लहान दिवे बरे, आणि चकचकीत फरशीऐवजी मंद पोताची.

रंगांचाही विचार करावा. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड आणि मागे पांढरी भिंत दिसायला सुरेख असते, पण बसताना कडा दिसत नाही. बैठक गडद रंगाची घेतली की प्रश्न मिटतो. उलट फिक्या फरशीवर काळे पायपुसणे टाकू नये. विस्मरणाचा आजार असलेल्या काही जणांना ते जमिनीतला खड्डा वाटते आणि ते ओलांडायला थांबतात किंवा उडी घेऊ पाहतात. माझी आई असेच थबकत असे, आणि आम्ही कितीतरी दिवस तिच्या गुडघ्यांना दोष देत होतो.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत घोट्याच्या उंचीवर, हालचालीने लागणारे, पिवळसर मंद दिवे लावावेत. इथे तोडफोडही फारशी नाही.

जुना_खांब

सगळ्यांचे वाचले. वय ७८, त्यामुळे थोडे उलटे बोलण्याचा हक्क आहे असे समजतो. घर इतके सोयीचे करून ठेवायचे की वाकायला नको, चढायला नको, हात वर करायला नको, आणि मग वर्षभराने व्यायामशाळेत जाऊन वाकण्याचे, चढण्याचे आणि हात वर करण्याचे धडे घ्यायचे, यात मला शहाणपण दिसत नाही. वार्धक्याचे अभ्यासक एम. पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमो यांनी १९७३ मध्ये हेच मांडले होते: परिसराची मागणी माणसाच्या कुवतीपेक्षा फार जास्त झाली तर तो कोलमडतो, पण फार कमी झाली तरी त्याची कुवत गंजत जाते. आमच्या व्हरांड्यात एक पायरी आहे. वसाहतीच्या माणसाने ती काढून उतार करून देतो म्हटले, मी नको म्हटले. ती पायरी मी रोज निदान वीस वेळा चढतो.

माळा

जुना_खांब काका, तुमची पायरी टिको, पण तिला कठडा आहे का?

जुना_खांब

आहे. मुलीने लावला. मी तो धरत नाही, पण त्याच्याशेजारून चालतो.

हलका_हात

काकांचा मुद्दा मी अर्ध्याहून अधिक मान्य करते, आणि लॉटन-नाहेमो यांचा विचार आम्हाला शिकवलाही जातो. फरक एवढाच की कष्ट वेगळे आणि धोका वेगळा. दिवसा, जागेपणी, कठड्याशेजारून चढलेली पायरी हा व्यायाम आहे. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत ओलांडलेला तीन सेंमीचा उंबरा हा व्यायाम नाही. उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून अधिक उतरला तर त्याला आम्ही आजारच मानतो आणि तो उतारवयात पुष्कळांना असतो. त्यामुळे पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून थोडे बसून मगच उठावे, आणि त्या वाटेवर उंबरा नसावा. उंच कपाटाचेही तसेच. हात वर करणे चांगले, स्टुलावर चढून हात वर करणे वाईट.

"दवाखाना" या शब्दाबद्दलही थोडे. सर्वांना सारखे वापरता येईल अशा रचनेची कल्पना आणि तिचे इंग्रजी नाव ज्यांनी रूढ केले ते अमेरिकन वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस लहानपणी पोलिओ झाल्यामुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत असत. त्यांचा आग्रह असा की सोय ही वेगळी, चिकटवलेली, आजाऱ्यासाठीची वस्तू वाटता कामा नये. गोल मुठीऐवजी दाराला दांड्याची कडी लावली तर ती संधिवाताच्या बोटांनाही उघडते आणि दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या तरुणाच्या कोपरानेही. तिला कुणी दवाखान्याची कडी म्हणत नाही.

माळा

मी सामानाविषयी लिहितो, कारण निम्मी दुरुस्ती खरे तर सामानासाठी निघते. आमच्याकडे वडिलांचे सागवानी लेखनटेबल होते, आणि ते नव्या घरात मावावे म्हणून आम्ही एक भिंत पाडायच्या बेतात होतो. एका मित्राने सुचवले की आधी वर्तमानपत्रे चिकटवून टेबलाच्या मापाचा कागद कापा, तो रिकाम्या खोलीत जमिनीवर अंथरा आणि त्याच्या कडेने चार दिवस वावरून पाहा. पलंग, कपाट, खुर्च्या, सगळ्यांचेच कागद कापले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की प्रत्येक वेळी खिडकीशी जाताना मी टेबलाच्या कोपऱ्यावर पाय देतो आहे, म्हणजे खरे टेबल असते तर मांडीला रोज एक निळा डाग. टेबल भाच्याकडे गेले, त्याचा एक खण मात्र मी ठेवून घेतला. तो आता भिंतीवर फळी म्हणून लावला आहे आणि त्यात चष्मे असतात. भिंत वाचली.

टेबल जाताना वाईट वाटले ते वाटलेच. त्यावर तोडगा नाही.

शेजारधर्म

मी नऊ वर्षे अशा वसाहतीत राहतो आहे आणि त्यांतली चार व्यवस्थापन समितीत गेली, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. काम काढण्यापूर्वी करारनामा पुन्हा वाचा. काही वसाहतींत घर मालकीचे असते, काही ठिकाणी फक्त राहण्याचा हक्क असतो. दुसऱ्या प्रकारात, सोडून जाताना केलेले बदल पूर्ववत करून द्यावे लागतील का, आणि केलेल्या खर्चाचा परताव्यात काही विचार होतो का, हे लेखी विचारावे. तोंडी "हो हो, करा" म्हणणारा व्यवस्थापक पुढच्या वर्षी बदललेला असतो. भार पेलणाऱ्या भिंती, सामाईक पाइप आणि धोक्याची घंटा वाजवणारी दोरी किंवा बटण यांना परवानगीशिवाय हात लावू नये. एका घरात मिस्त्रीने ती दोरी अडचण होते म्हणून गुंडाळून छताशी बांधून ठेवली होती. पडलेल्या माणसाला ती जमिनीवरून ओढता यायला हवी, म्हणजे तिचे टोक फरशीपासून फार तर वीतभर वर असावे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. इथे दुपारी निम्मी वसाहत झोपलेली असते आणि ज्यांना कानाचे यंत्र आहे त्यांना ड्रिलचा आवाज तुमच्या-आमच्यापेक्षा भयंकर ऐकू येतो. काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, कोणत्या दिवशी ठोकाठोक आहे आणि कोणत्या दिवशी पाणी बंद आहे याची चिठ्ठी घेऊन स्वतः दारोदार जावे. आमच्याकडे एका जोडप्याने ही चिठ्ठी द्यायला म्हणून अकरा घरे पालथी घातली आणि राहायला येण्याआधीच त्यांना अकरा ओळखी मिळाल्या. याउलट, घर पूर्ण सजेपर्यंत कुणाला बोलवायचे नाही असे ठरवलेले एक गृहस्थ वर्षभर एकटे जेवत होते. नव्या माणसाला पहिल्या महिन्या-दीड महिन्यात सगळे बोलावतात. नंतर भोजनगृहातल्या टेबलांवरच्या जागा ठरून जातात आणि मग खुर्ची ओढून बसायला धाडस लागते.

रिकामटेकडा

म्हणजे मिस्त्री उशिरा आल्याचा फायदा आहे. माफीच्या चिठ्ठ्या देता देता मी एव्हाना अध्यक्षपदाला उभा राहू शकेन.

दुसरी_इनिंग

शेजारधर्म यांचे पटले. मीच वर "आधी काम" असे ठामपणे लिहिले होते, पण आता गवंडीकाम काकांची विभागणी मला अधिक बरोबर वाटते. आमच्या अकरा आठवड्यांपैकी आठ न्हाणीघराचे आणि वायरिंगचे होते. राहिलेले तीन आठवड्यांचे काम, म्हणजे कपाटे आणि रंग, आम्ही पुढे खोलीगणिक हळूहळू केले असते तरी चालले असते.

गवंडीकाम

एक राहिले. वायरिंग उघडलेच आहे तर प्लगची जागा गुडघ्याखालून वर, जमिनीपासून निदान ४५ सेंमीवर घ्यावी. आणि गरम पाण्याचे पाहावे. टाकीत पाणी ६० अंश सेल्सियसला ठेवतात ते जंतू वाढू नयेत म्हणून, पण तेच पाणी थेट नळाला आले तर पाच सेकंदांत खोल भाजते. ४९ अंशांना तेवढेच भाजायला काही मिनिटे लागतात. वय झालेली कातडी पातळ असते, त्यामुळे तिला त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणून शॉवरच्या आधी तापमान बांधून देणारी मिश्रण-झडप बसवून घ्यावी. तीही भिंतीच्या आत जाते, म्हणजे आधीच्या यादीत.

उंबरठा

धागा वर काढते आहे, कारण मध्ये चार महिने गेले आणि काय झाले ते सांगणे माझ्याकडे लागते.

काकांच्या विभागणीप्रमाणे न्हाणीघर, वायरिंग आणि झडप आधी झाली. पाणी ४८ तास साठवले. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी दोनदा फोन करून "आता सोडू का" विचारले आणि यजमानांनी दोन्ही वेळा नाही म्हटले. प्लायचे फोटो माझ्याकडे आहेत. चिठ्ठ्या आम्ही दोघांनी मिळून वाटल्या, सात घरांत. स्वयंपाकघरातली वरची कपाटे तशीच आहेत, कारण तीन आठवड्यांत लक्षात आले की आमच्याकडे आता त्यांत ठेवायला काही उरलेलेच नाही. तोडफोडीच्या यादीतला पहिला क्रमांक त्यांचा होता.

बोळाला आम्ही येण्यापूर्वी पांढरा रंग दिला होता. हलका_हात यांचे वाचल्यापासून ती भिंत मी पुसायची नाही असे ठरवले, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेले हे मलाच माहीत. चौथ्या महिन्यात, दुपारचे ऊन तिरपे पडते तेव्हा, खुणा स्पष्ट दिसू लागल्या. वळणाशी पाच, एकाशेजारी एक, बोटे पसरलेली, ९४ सेंमीवर. माझा हात तिथे पोहोचतो, पण टेकत नाही. मी यजमानांना दाखवल्या तेव्हा ते म्हणाले की आधीच्या बाईंच्या असतील. मी रंगाची आठवण करून दिली. मग त्यांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिले, आपला तळवा मधल्या खुणेवर ठेवून पाहिला आणि दांडी लाकडाच्या रंगाची मिळते का एवढेच विचारले.

मिस्त्री सोमवारी येतो आहे. तोवर भिंतीला हात लावू नये अशी चिठ्ठी मी बोळात चिकटवली आहे, कारण सफाईला येणाऱ्या ताईंनी काल मोठ्या उत्साहाने पाचांपैकी दोन खुणा पुसून टाकल्या.